पॅरिसमधला हैदराबादी

१४ सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थानावरच्या भारतीय लष्करी कारवाईचा, म्हणजे पोलीस ॲक्शनचा, दुसरा दिवस. औरंगाबाद हाती आल्यावर भारतीय फौजा जालन्याकडे वळल्या आणि तिथे शीख पलटण, जोधपूर इन्फन्ट्रीची एक कंपनी आणि १८ कॅव्हलरीचे रणगाडे यांना निजामाच्या फौजेने चिवट विरोध केला. दोन दिवसांनी, १६ सप्टेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर हैदराबादचा प्रश्न आला. एका बाजूला भारताचे रामस्वामी मुदलियार, दुसऱ्या बाजूला निजामाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख नवाब मोईन नवाज जंग. परिषदेत बाजू मांडली जात असतानाच इकडे संस्थानाचा निकाल लागत होता. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि आठवड्याच्या आत तक्रार मागे घेत असल्याची तारही पाठवली.

त्या शिष्टमंडळात आंतरराष्ट्रीय कायद्याचे जाणकार म्हणून चाळिशीचे एक प्राध्यापक होते. उस्मानिया विद्यापीठाचे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह. ज्या राज्याची बाजू मांडायला ते निघाले, ते राज्यच उरले नाही. ते पॅरिसमध्येच राहिले. फ्रान्सने त्यांना निर्वासिताची कागदपत्रे दिली. पुढे भारताचे, पाकिस्तानचे किंवा फ्रान्सचे, कुठलेच नागरिकत्व त्यांनी घेतले नाही. बिनदेशाच्या अवस्थेत या माणसाने विसाव्या शतकातल्या इस्लामी विद्येत जी भर घातली, ती भल्याभल्या विद्यापीठांना हेवा वाटावा अशी आहे.

मराठवाड्याच्या वाचकाला हे नाव सहसा ठाऊक नसते. ते ठाऊक असायला हवे. कारण हमीदुल्लाह ज्या राज्यात घडले त्याच राज्यात आपले आजोबा-पणजोबा सारा भरत होते.

एकाच छत्राखालची दोन गावे

आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधीचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, काही भाग परभणीत. आणि १९४८ पर्यंत हे सारे निजामाच्या मुलखात. कचेरीचा कारभार उर्दूत चाले. आजही इथल्या जुन्या घरांच्या ट्रंकांमध्ये उर्दूत लिहिलेली मुंतखबे म्हणजे इनामांचे दाखले आणि फसली सन घातलेल्या पावत्या सापडतात. वारसाहक्काचा किंवा इनाम जमिनीचा खटला उभा राहिला की उर्दू वाचणारा जाणकार शोधायला धावपळ होते.

शिकायचे तर वाट हैदराबादकडे जाई. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान, कायदा, इतिहास असे सगळे विषय उर्दूतून शिकवले जात. आधुनिक उच्च शिक्षण संपूर्णपणे एका भारतीय भाषेतून देण्याचा हा धाडसी प्रयोग होता. त्यासाठी एक वर्ष आधीच भाषांतर विभाग उघडून पाठ्यपुस्तकांच्या भाषांतराचे काम सुरू झाले होते. औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज याच विद्यापीठाचे. जालन्याच्या स्टेशनवर मीटरगेज गाडीत बसलेला विद्यार्थी हैदराबादला उतरे तेव्हा त्याची मायबोली मागे राहिलेली असे. मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेसाठी हा प्रयोग दुसऱ्याच्या भाषेतला होता, ही त्याची दुखरी बाजू.

हमीदुल्लाह यांची भाषा मात्र तीच होती. फेब्रुवारी १९०८ मध्ये हैदराबादच्या कटलमंडी भागात त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत ते धाकटे. घराणे नवायत, म्हणजे कोकण-कानड्याच्या किनाऱ्यावर शतकांपूर्वी स्थिरावलेल्या आणि तिथून मद्रास-अर्काटपर्यंत पसरलेल्या समाजातले. आजोबा मद्रासचे नामांकित काझी. घरात पुस्तकांचा आणि फतव्यांचा वावर. आधी पारंपरिक मदरशांतले शिक्षण आणि मग उस्मानियात बी.ए., एम.ए. आणि एलएल.बी. अशी दुहेरी घडण त्यांच्या वाट्याला आली. हदीसची (प्रेषितांच्या वचनांची) सनद-परंपरा आणि कायद्याचे कलम, दोन्हींची सवय एकाच डोक्याला लागली.

याच मुलखात, औरंगाबादेत, १९०३ साली जन्मलेले अबुल आला मौदूदी याच पिढीचे. मौदूदींनी धर्माला राजकीय चळवळीचे रूप दिले आणि १९४१ मध्ये जमात-ए-इस्लामी उभी केली. हमीदुल्लाह यांनी पक्ष काढला नाही, अनुयायी जमवले नाहीत. ते हस्तलिखितांकडे गेले.

ग्रोशियसच्या आधी

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ते युरोपात पोहोचले. १९३३ मध्ये बॉन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. प्रबंधाचा विषय होता इस्लामी आंतरराष्ट्रीय कायद्यातली तटस्थता. पाठोपाठ पॅरिसच्या सोर्बोनमधून दुसरी डॉक्टरेट: प्रेषितांच्या आणि पहिल्या चार खलिफांच्या काळातला राजनय.

या विषयाचे महत्त्व समजून घ्यायला हवे. आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून पाठ्यपुस्तकांत डच पंडित ह्यूगो ग्रोशियसचे नाव येते आणि युद्ध-शांतीच्या कायद्यावरच्या त्याच्या १६२५ च्या ग्रंथापासून कथा सुरू होते. हमीदुल्लाह यांनी दाखवले की आठव्या शतकातच इराकमधले कायदेपंडित मुहम्मद अश-शैबानी यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले होते. शत्रूच्या वकिलाला अभय कसे द्यावे, तह कधी मोडतो, लढाईत बायका, मुले आणि मठवासी यांना हात का लावायचा नाही, परक्या मुलखातल्या व्यापाऱ्याचे हक्क कोणते, याची चर्चा त्यांत कलमवार आहे. शैबानींच्या ग्रंथावर अकराव्या शतकात सरखसी या पंडिताने मोठे भाष्य केले. ते करताना सरखसी कैदेत होते आणि शिष्यांना तोंडी मजकूर सांगत होते. या भाष्याचे फ्रेंच भाषांतर हमीदुल्लाह यांनी केले. ग्रोशियसही तुरुंगातून पुस्तकांच्या पेटीत लपून निसटला होता आणि आपला ग्रंथ त्याने पॅरिसमध्ये परागंदा असतानाच लिहिला. राज्यांनी एकमेकांशी कसे वागावे याचे नियम लिहिणाऱ्या सरखसी, ग्रोशियस आणि हमीदुल्लाह या तिघांनाही राज्यसत्तेची झळ बसलेली होती.

डॉक्टरेट घेऊन ते उस्मानियात परतले आणि आंतरराष्ट्रीय कायदा शिकवू लागले. इथली दहा-बारा वर्षे अतिशय सुपीक ठरली. हैदराबादेतून निघणाऱ्या ‘इस्लामिक कल्चर’ या इंग्रजी त्रैमासिकात त्यांचा राज्यव्यवहारावरचा मोठा ग्रंथ क्रमशः आला. प्रेषितांच्या काळातली पत्रे, तह आणि सनदा एकत्र करून त्यांनी १९४१ मध्ये कैरोत एक संग्रह छापला. प्रेषितांच्या लढाया झालेल्या बद्र आणि उहुदच्या रणभूमी स्वतः पायाखाली घालून, मोजमाप घेऊन त्यांचे नकाशे काढले. टीकाकारांनी आणि भाष्यकारांनी शेकडो वर्षे ग्रंथांतून वर्णिलेल्या लढाया कुठल्या टेकडीआडून, कुठल्या विहिरीपाशी झाल्या, हे त्यांना जमिनीवर पाहायचे होते.

५२ कलमांचा कागद

याच काळात त्यांनी मदिनेच्या सनदेवर लिहिले आणि ते लेखन सर्वात गाजले.

इसवी सन ६२२ मध्ये प्रेषित मुहम्मद मक्केहून मदिनेला आले. शहरात टोळ्यांची जुनी वैरे होती, ज्यूंच्या वस्त्या होत्या, आणि आता मक्केहून आलेल्या परागंदा माणसांची भर पडली होती. या सर्वांनी एकत्र कसे राहायचे याचा एक लेखी करार झाला. खून झाला तर भरपाई कोणी द्यायची, शहरावर हल्ला झाला तर खर्च कसा वाटायचा, तंटा मिटवायचा अंतिम अधिकार कोणाचा, हे त्यात आहे. ज्यूंना त्यांचा धर्म आणि मुस्लिमांना त्यांचा, असे स्पष्ट कलमही आहे. हमीदुल्लाह यांनी या मजकुराची ५२ कलमांत मांडणी केली आणि त्याला जगातले पहिले लिखित संविधान म्हटले.

हा दावा सर्वांना मान्य नाही. काही अभ्यासक त्याला टोळ्यांमधला तह मानतात, काहींच्या मते तो एका वेळी लिहिला गेलेला नाही. पण सनद अस्सल आणि प्राचीन आहे, यावर पाश्चात्त्य अभ्यासकांचेही बव्हंशी एकमत आहे. वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी एका राज्यात राहण्याचा आधार म्हणून हा कागद आजही जगभर चर्चेत येतो.

आणि इथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो. हे लेखन ज्या राज्यात झाले, त्याच राज्यात बहुसंख्य प्रजेला कारभारात वाटा नव्हता. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना आपल्याकडे प्रवेश दिला. त्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. शिक्षणासाठी घर आणि मुलूख सोडावे लागलेली ती मराठवाडी आणि तेलंगणी मुले. हमीदुल्लाह त्या वेळी त्याच विद्यापीठात शिकवत होते. दहा वर्षांनी परागंदा होण्याची पाळी त्यांच्यावर आली.

१९४८ ची दोन टोके

मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिसंग्राम दिन. त्यामागे स्वामी रामानंद तीर्थांची चळवळ आहे, सरहद्दीवरचे कॅम्प आहेत, आणि निजामाच्या बाजूने उतरलेल्या सशस्त्र रझाकारांनी गावोगाव केलेले अत्याचार आहेत. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी वकिली करायचा तोही लातुरातच. ज्यांची घरे जळाली त्यांना निजामाचे राज्य गेल्याचे दुःख होण्याचे कारण नव्हते. हमीदुल्लाह यांनी एका अशा राज्याची बाजू घेतली ज्याने प्रजेची संमती गमावली होती. त्यांच्या विद्वत्तेपुढे नतमस्तक होतानाही हे सांगितलेच पाहिजे.

गोष्टीला दुसरे टोकही आहे. पोलीस ॲक्शननंतर मुस्लिम वस्त्यांवर भयंकर सूड उगवला गेला. पंतप्रधान नेहरूंनी नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव फिरून २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. हा अहवाल कित्येक दशके दडलेला राहिला. मुक्तीचा आनंद आणि हा आकांत एकाच पावसाळ्यात, एकाच मुलखात घडले.

पॅरिसला गेलेल्या शिष्टमंडळाची रचनाही सरधोपट नव्हती. हैदराबादेतले दलित नेते बी. श्याम सुंदर त्यात होते. त्यांचा जन्म औरंगाबादचा. ते भारतात परतले आणि पुढे इथल्या राजकारणात वावरले. हमीदुल्लाह परतले नाहीत.

पाकिस्तानची वाट मोकळी होती. १९४९ च्या सुमारास तिथल्या संविधानसभेला इस्लामी तत्त्वांबाबत सल्ला देणाऱ्या मंडळावर त्यांना बोलावले गेले. ते गेले, काही काळ काम केले आणि पुन्हा पॅरिसला आले. नव्या देशात मानाचे पद मिळवणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी पुस्तकांजवळ राहणे पसंत केले.

रू द तूर्नोंची खोली

पॅरिसच्या सहाव्या विभागात, लक्झेंबर्ग बागेजवळ रू द तूर्नों नावाची गल्ली आहे. तिथल्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर हमीदुल्लाह यांनी दशकानुदशके काढली. लग्न केले नाही. १९५४ पासून १९७८ पर्यंत ते फ्रान्सच्या राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रात संशोधक होते. वर्षातले काही महिने इस्तंबूल विद्यापीठात शिकवायला जात. तिथल्या इस्लामी संशोधन संस्थेचे प्रमुख झेकी वेलिदी तोगान हेही परागंदाच, रशियातून निसटलेले बश्कीर इतिहासकार.

या खोलीतून काय बाहेर पडले, त्यातल्या एका कामाकडे जरा जवळून पाहू.

प्रेषितांच्या वचनांचे म्हणजे हदीसचे मान्यवर संग्रह नवव्या शतकातले आहेत. बुखारींचा मृत्यू ८७० चा. म्हणजे प्रेषितांनंतर दोनशेहून अधिक वर्षे. मधला सारा काळ ही वचने तोंडोतोंडी फिरत होती, मग त्यांत भर पडली नसेल कशावरून? इग्नाझ गोल्डझिहरसारख्या युरोपीय पंडितांची ही शंका रास्त होती. तिला रागावून उत्तर देणारे पुष्कळ होते. हमीदुल्लाह यांनी पुरावा शोधला. प्रेषितांचे सहवासी अबू हुरैरा यांचा हम्माम इब्न मुनब्बिह नावाचा येमेनी शिष्य होता. गुरूकडून ऐकलेली वचने त्याने लिहून ठेवली होती. या छोट्या वहीची एक प्रत बर्लिनमध्ये आणि दुसरी दमास्कसमध्ये होती. हमीदुल्लाह यांनी दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्या. वचने १३८. दोन्ही प्रती एकमेकींशी जुळत होत्या. शिवाय नवव्या शतकातल्या अहमद इब्न हनबलच्या प्रचंड संग्रहात हीच वही जवळपास जशीच्या तशी उतरलेली होती. १९५३ मध्ये हे संशोधन दमास्कसला प्रसिद्ध झाले.

पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या समोर ठेवून पाठ शुद्ध केला, त्या जातीचे हे काम. श्रद्धा आहे म्हणून हात चालतो, पण निर्णय अक्षराला अक्षर लावूनच होतो.

या एका वहीने हदीसचा सगळा वाद मिटला नाही. पण लेखन दोनशे वर्षांनी सुरू झाले, हे सरसकट विधान त्यानंतर कोणी सहज करू शकत नाही.

१९५९ मध्ये त्यांचे कुरआनचे फ्रेंच भाषांतर आले. मिशेल लेतुर्मी यांनी भाषेसाठी साहाय्य केले आणि फ्रान्सचे थोर प्राच्यविद्यापंडित लुई मासिन्यों यांनी प्रस्तावना लिहिली. त्याआधीची प्रसिद्ध फ्रेंच भाषांतरे बहुधा प्राच्यविद्यापंडितांची होती. इकडे अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशियातून आलेल्या कामगारांनी फ्रान्सची कारखान्यांची गावे भरत चालली होती, अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटलेले होते, आणि या कामगारांच्या मुलांची वाचायची भाषा फ्रेंच होत होती. त्यांच्या हाती पडलेले हे भाषांतर होते दख्खनच्या एका उर्दूभाषक माणसाचे. पुढे सौदी अरेबियाच्या मदिनेतल्या सरकारी मुद्रणसंस्थेने याच भाषांतराची सुधारलेली आवृत्ती काढली आणि ती फ्रेंचभाषक आफ्रिकेत दूरवर पोहोचली. त्याच १९५९ सालात प्रेषितांचे दोन खंडी फ्रेंच चरित्रही आले.

जालन्याच्या बियाणे बाजारात ज्यांची उठबस आहे त्यांना आणखी एक पुस्तक आवडेल. नवव्या शतकात अबू हनीफा दीनवरी या पंडिताने वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला. कोणते झाड कुठे उगवते, त्याला काय म्हणतात, त्याचा उपयोग काय, असा तपशील. ग्रंथाचे बरेच खंड हरवले. पण नंतरच्या अरबी कोशकारांनी त्यातली वाक्ये नावानिशी उद्धृत केली होती. ती एकेक वेचून हमीदुल्लाह यांनी हरवलेला भाग पुन्हा उभा केला आणि तो १९७३ मध्ये कैरोत छापला गेला.

परागंदा पंडितांचे शतक

विसाव्या शतकात देश सोडावे लागलेले इस्लामी अभ्यासक पुष्कळ. पाकिस्तानचे फजलुर रहमान यांना त्यांच्या सुधारणावादी मांडणीवरून उठलेल्या वादळामुळे १९६८ मध्ये देश सोडावा लागला. शिकागो विद्यापीठात त्यांनी अभ्यासकांची एक पिढी घडवली. इजिप्तचे नस्र हामिद अबू झैद यांना १९९५ मध्ये न्यायालयाने धर्मभ्रष्ट ठरवले, त्यांचा विवाह रद्द केला, आणि ते पत्नीसह हॉलंडमधल्या लायडनला गेले. या दोघांना त्यांच्या विचारांपायी जावे लागले.

हमीदुल्लाह यांचे तसे नव्हते. त्यांच्या मतांवर कोणी बंदी घातली नव्हती. विचाराने ते परंपरेला धरून असलेले. त्यांचे राज्य बुडाले आणि दुसरे कोणतेही आपले म्हणायला त्यांचे मन तयार झाले नाही. त्यांचा परदेशवास हा निष्ठेचा होता, आणि त्या निष्ठेची किंमत त्यांनी स्वतःच मोजली. दुसऱ्या कोणाला मोजायला लावली नाही.

मानसन्मानांबाबतही ते असेच राहिले. १९८५ मध्ये पाकिस्तानने हिजरा पुरस्कार दिला. त्याची दहा लाख रुपयांची रक्कम त्यांनी इस्लामाबादच्या इस्लामी संशोधन संस्थेला देऊन टाकली. त्या संस्थेचे ग्रंथालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. उर्दू, अरबी, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी आणि तुर्की भाषांत त्यांनी लिहिले, आणि पुस्तकांची संख्या शंभराच्या पुढे गेली. वय झाल्यावर १९९६ मध्ये नातेवाईक त्यांना अमेरिकेत घेऊन गेले. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे १७ डिसेंबर २००२ रोजी, ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हमीदुल्लाह यांच्या १९४८ च्या भूमिकेशी मराठवाड्याचा झगडा राहील आणि तो राहावा. पण त्यांचे संशोधन ज्या मातीत रुजले ती उस्मानिया विद्यापीठाची, १८८८ पासून अरबी हस्तलिखिते छापणाऱ्या हैदराबादच्या दाइरतुल मआरिफची आणि दख्खनी उर्दूची माती आपल्याही इतिहासाचा भाग आहे. निजामाची सत्ता नाकारताना ही विद्याही आपण सोडून दिली, तर नुकसान आपलेच.

ज्यांना त्यांच्याकडे जायचे आहे त्यांनी ‘खुतबात-ए-बहावलपूर’ पासून सुरुवात करावी. मार्च १९८० मध्ये बहावलपूरच्या विद्यापीठात त्यांनी दिलेली ही १२ उर्दू व्याख्याने आहेत. कुरआनचा आणि हदीसचा इतिहास, कायदा, राज्यकारभार असे विषय, भाषा सोपी, आणि शेवटी श्रोत्यांचे प्रश्न व त्यांना दिलेली शांत उत्तरे. जालना, अंबड, भोकरदन, परतूर इथल्या घरांत उर्दू वाचणारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून ती ऐकावीत, आणि कोणा जाणत्याने ती मराठीत आणायला घ्यावीत.